तांब्याच्या अणूपासून इस्त्रीच्या प्लगपर्यंत: करंट घरच्या घरी मोजून कसा समजून घ्यायचा

शाळेत अणूचं चित्र आपण सगळ्यांनी काढलेलं असतं, मधे गोळा, भोवती वर्तुळं, वर्तुळांवर टिंबं, आणि करंटची व्याख्याही पाठ केलेली असते. पण ते दोन धडे वेगवेगळे, परीक्षाही वेगवेगळी, त्यामुळे चित्रातलं सगळ्यात बाहेरचं जे टिंब आहे तेच तारेतून सरकतं आणि त्यालाच आपण करंट म्हणतो, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात कधी जुळतच नाही. मला वाटतं ते जुळलं की घरातलं वायरिंग, एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका), अर्थिंग, गरम होणारं सॉकेट, सगळं आपोआप कळायला लागतं, पाठ काही करावं लागत नाही. म्हणून खाली जे लिहितोय ते वाचता वाचता करून बघा.

सामान फार लागत नाही. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची क्लिप, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर (करंट अडवणारा छोटा तुकडा, ओहम हे अडवण्याचं माप; त्याच्यावर पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे असतात आणि शेवटी सोनेरी), थोडी वायर, पेन्सिल, मीठ, साखर आणि एक साधा डिजिटल मल्टीमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं, बाकी गावात टीव्ही रिपेअरिंगवाल्याकडे विचारा, त्याच्याकडे असतंच. मल्टीमीटर अगदी स्वस्तातला चालेल.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो, भिंतीतल्या २३० व्होल्टवर यातला एकही प्रयोग करायचा नाही. घरातल्या वस्तू मोजायच्या आहेत त्या पूर्ण प्लग काढून, हातात घेऊन.

आधी अणू, पण एकच घेऊ, तांब्याचा. त्याच्या केंद्रकात २९ प्रोटॉन आणि भोवती २९ इलेक्ट्रॉन. अणू एवढा लहान की १ मिलिमीटरच्या ओळीत साधारण ३९ लाख अणू बसतात, आणि केंद्रक त्याहून वीस-पंचवीस हजार पटींनी लहान, तरी अणूचं जवळजवळ सगळं वजन त्या केंद्रकातच. हे रदरफोर्डने १९११ मध्ये सांगितलं, इलेक्ट्रॉन त्याच्या आधी १८९७ मध्ये थॉमसनला सापडला होता. आता ते २९ इलेक्ट्रॉन कवचांमध्ये कसे वाटलेत बघा: २, ८, १८ आणि १. शेवटचा जो एकटा आहे ना, सगळा खेळ त्याचाच. आतल्या २८ इलेक्ट्रॉनांमुळे केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत कमी पोचते, आणि तांब्याचे असंख्य अणू जवळ जवळ बसले की हा शेवटचा इलेक्ट्रॉन कुठल्या एका अणूचा राहतच नाही, सगळ्या तुकड्याचा सामायिक होतो. अणू जागेवर, इलेक्ट्रॉन मोकळे. १ घन मिलिमीटर तांब्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन किती, तर ८५ वर १८ शून्यं.

इथे एक गैरसमज लगेच काढून टाकू. शेवटच्या कवचात इलेक्ट्रॉन जास्त म्हणजे करंट जास्त वाहणार असं नसतं. ॲल्युमिनियमचं वाटप २, ८, ३ असं आहे, तरी त्याच जाडीच्या तारेत ते तांब्यापेक्षा जास्त अडवतं. खांबांवरून जाणाऱ्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात त्या वजनामुळे आणि किमतीमुळे, तांब्याच्या जवळजवळ एक तृतीयांश घनता. आणि सगळ्यात चांगली वाहक चांदी, तांबं तिच्या अगदी मागोमाग.

आता सर्किट जोडा. बॅटरीच्या प्लसपासून रेझिस्टर, रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला एलईडीचा लांब पाय, एलईडीचा आखूड पाय बॅटरीच्या मायनसला. लागला एलईडी? नसेल लागला तर पाय उलटे झालेत, फिरवा, काही बिघडत नाही. रेझिस्टर मात्र गाळायचा नाही, थेट बॅटरीला लावला तर एलईडी क्षणात जातो. रेझिस्टर ४७० चाच का तर हिशोब सोपा आहे, लाल एलईडी स्वतः साधारण २ व्होल्ट घेतो, ९ मधून २ गेले ७, ७ भागिले ४७० म्हणजे ०.०१५, म्हणजे १५ मिलीॲम्पिअर, एलईडीला मानवेल एवढा. हाच ओहमचा नियम, १८२७ चा: व्होल्ट भागिले ओहम बरोबर ॲम्पिअर. पुढे सगळीकडे हाच वापरायचाय.

आता मल्टीमीटर काढा. काळी वायर सीओएम लिहिलेल्या भोकात, लाल वायर जिथे व्ही आणि एमए लिहिलंय त्या भोकात, खटका डीसी (म्हणजे बॅटरीसारख्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या) करंटच्या २०० मिलीॲम्पिअरवर. करंट मोजायचा असेल तर सर्किट तोडून मीटर मधे घालावा लागतो, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच गेला पाहिजे. करंटच्या सेटिंगवर मीटरच्या दोन्ही पिना बॅटरीच्या दोन टोकांना लावायच्या नाहीत, आतला फ्यूज उडतो.

पहिल्यांदा मीटर रेझिस्टरच्या आधी घाला आणि आकडा लिहून ठेवा. मग तिथलं जोडून घ्या आणि मीटर एलईडीच्या नंतर, मायनसच्या बाजूला घाला. आकडा तोच येतो. १५ च्या आसपास जो काही असेल तो, पण दोन्हीकडे सारखा. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की बल्ब करंट खातो आणि उरलेला पुढे जातो. इलेक्ट्रॉन कुठे खर्च होत नाहीत, जेवढे आत तेवढेच बाहेर. खर्च होते ती ऊर्जा, आणि बिलात पैसे लागतात तेही ऊर्जेचेच, १ युनिट म्हणजे १००० वॉटची वस्तू १ तास, ज्यूलमध्ये सांगायचं तर ३६ लाख ज्यूल.

दिशेचंही सांगून टाकतो. पुस्तकात करंटचा बाण प्लसकडून मायनसकडे असतो आणि इलेक्ट्रॉन तर मायनसकडून प्लसकडे जातात, मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. प्लस-मायनस ही नावं फ्रँकलिनच्या काळात, सतराशे चाळीसच्या दशकात ठरली, इलेक्ट्रॉन सापडायच्या दीडशे वर्षं आधी, आणि तीच चालू राहिली. हिशोबाला काही फरक पडत नाही, बाण पुस्तकातलाच धरा.

आता १ ॲम्पिअर म्हणजे किती ते बघू. तारेच्या एका जागेवरून सेकंदाला ६२४ वर १६ शून्यं एवढे इलेक्ट्रॉन पुढे गेले तर तो १ ॲम्पिअर. आकडा प्रचंड वाटतो ना, पण मगाचचा आकडा आठवा, १ घन मिलिमीटरमध्ये ८५ वर १८ शून्यं. म्हणजे १ स्क्वेअर एमएमच्या (कापलेलं तोंड १ चौरस मिलिमीटर असलेल्या) तारेतून १ ॲम्पिअर जात असेल तर इलेक्ट्रॉनांच्या गर्दीने सेकंदाला किती सरकायचं? भागाकार करून बघा, ०.०७३ मिलिमीटर येतात. एक मीटर जायला पावणेचार तास. मला विचाराल तर या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात सुंदर गणित आहे, दोनच आकडे, एक भागाकार, आणि वीज म्हणजे सुसाट धावणारं काहीतरी ही कल्पना तिथल्या तिथे बदलते. तसे एकेकटे इलेक्ट्रॉन तांब्यात सेकंदाला दीड हजार किलोमीटरने धावतच असतात, बटण बंद असलं तरी, पण कोणी इकडे कोणी तिकडे, गोळाबेरीज शून्य. बॅटरी लावली की त्या धावपळीला एका दिशेने हा एवढासा सरक मिळतो, तोच करंट.

मग बटण दाबल्या दाबल्या दिवा कसा लागतो? सायकलचं पेडल दाबलं की चेनची मागची कडी लगेच हलते, पुढची कडी मागे पोचेपर्यंत चाक थांबत नाही, तसंच. तार आधीपासूनच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते, बटण दाबलं की विद्युतक्षेत्र सेकंदाला लाखभर किलोमीटरच्या वर वेगाने तारेबरोबर पसरतं आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन जवळजवळ एकदमच सरकायला लागतात.

घरात तर एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट, सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे. वरच्याच तारेत १ ॲम्पिअरचा एसी सोडला तर इलेक्ट्रॉन जागच्या जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी हलतात. त्यामुळे कोयनेहून किंवा चंद्रपूरहून तुमच्या घरात एकही इलेक्ट्रॉन येत नाही. शिवाय मधे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यांच्या दोन गुंडाळ्या तारेने एकमेकींना जोडलेल्याच नसतात, ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. तुमच्या बल्बमधले इलेक्ट्रॉन तुमच्याच बल्बचे.

पुढचा प्रयोग. एलईडीच्या सर्किटमध्ये एका जागी वायर तोडून दोन मोकळी टोकं करून घ्या, आता या टोकांमध्ये वेगवेगळ्या वस्तू घालायच्या. कागदावर पेन्सिलने दोनेक सेंटिमीटरची जाड पट्टी काढा, चांगली घासून घासून काळीभोर, आणि टोकं तिच्यावर अगदी जवळ जवळ टेकवा. एलईडी मंद लागतो, टोकं लांब नेली की आणखी मंद होतो. पेन्सिलीत ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, कार्बनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ४, ग्रॅफाइटमध्ये त्यातले तीन शेजाऱ्यांशी बांधलेले आणि चौथा थरभर मोकळा फिरणारा. हिऱ्यातही कार्बनच, पण तिथे चारही बांधलेले, म्हणून हिरा करंट जाऊ देत नाही. अणू तेच, बांधणी वेगळी.

मग टोकं कोरड्या मिठात घाला, काही होत नाही. साखरेच्या पाण्यात घाला, नुसत्या पाण्यात जेवढं होतं तेवढंच. आता नुसत्या पाण्याच्या वाटीत चमचाभर मीठ ढवळा आणि बघा, एलईडी झळकतो. सोडियमचं वाटप २, ८, १ आणि क्लोरीनचं २, ८, ७, सोडियमने आपला तो एकटा इलेक्ट्रॉन क्लोरीनला दिलेला असतो, त्यामुळे दोघेही आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू. कोरड्या खड्यात ते घट्ट बसलेले, पाण्यात सुटे होतात आणि तेच प्रभार घेऊन सरकतात. म्हणजे इथे पाण्यातून मोकळे इलेक्ट्रॉन जात नाहीत, आयन जातात. मायनसच्या टोकाला बारीक बुडबुडे येतील, तो हायड्रोजन. अर्ध्या मिनिटात आटपा, खिडकी उघडी ठेवा आणि पाणी फेकून द्या, कारण प्लसच्या टोकाला थोडा क्लोरीनही सुटू शकतो आणि तांब्याची वायरही झिजते.

हा मिठाचा प्रयोग मी मुद्दाम सांगतो कारण आपलं शरीरही आतून खारट पाणीच आहे. अडवते ती कोरडी कातडी, आणि ती ओली झाली की तो अडसर एकदम कमी होतो, म्हणून बाथरूममधला शॉक जीवावर बेततो. साधारण १ मिलीॲम्पिअर शरीरातून गेला की झिणझिण्या कळतात, दहाच्या पुढे स्नायू आखडून हात सुटेनासा होतो आणि तीस-चाळीसच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका. आता ९ वॉटचा एलईडी बल्ब किती घेतो बघा, वॉट भागिले व्होल्ट बरोबर ॲम्पिअर, ९ भागिले २३० म्हणजे ३९ मिलीॲम्पिअर. एवढासा दिवा चालवणारा करंटही माणसाच्या जीवावर उठू शकतो आणि १६ ॲम्पिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण एमसीबी वायर वाचवण्यासाठी आहे. माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो, ३० मिलीॲम्पिअरचा. तो काय करतो, तर तुम्ही मघाशी एलईडीच्या दोन बाजूंना जे मोजलंत तेच सतत करत बसतो: फेजमधून गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का? ३० मिलीॲम्पिअरच्या आसपास फरक पडला म्हणजे बाकीचा कुठूनतरी जमिनीत जातोय, कदाचित कोणाच्या तरी अंगातून, आणि तो लगेच तोडतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघत जा, आणि घरात आरसीसीबी नसेल तर दुसरा कुठलाही खर्च मागे ठेवा पण हा बसवून घ्या.

आता माझा आवडता प्रयोग. पिवळ्या उजेडाचा जुना ६० वॉटचा तारेचा बल्ब असलेला टेबल लॅम्प शोधा. लॅम्पचा प्लग भिंतीतून पूर्ण काढा, लॅम्पचं स्वतःचं बटण चालू ठेवा, मल्टीमीटर ओहमच्या २००० च्या खटक्यावर ठेवा आणि दोन पिना प्लगच्या दोन पिनांना लावा. हिशोबाने किती यायला हवं? करंट ६० भागिले २३०, आणि ओहम म्हणजे २३० भागिले तो करंट, म्हणजे २३० गुणिले २३० भागिले ६०, ८८२ ओहम. मीटर दाखवतो साठ-सत्तरच्या आसपास! मीटर बिघडलेला नाही आणि गणितही बरोबर आहे. लॅम्प पाच मिनिटं लावून ठेवा, मग प्लग काढून लगेच मोजा, आकडा आधीपेक्षा चढलेला दिसेल आणि मग बघता बघता हळूहळू उतरत जाईल, शंभरच्या जवळून नव्वद, ऐंशी, पुन्हा पहिल्या जागी. तो आकडा उतरताना बघा म्हणजे तारेतले अणू शांत होताना बघताय. बल्बची तार टंगस्टनची, तिचे अणू जागेवर थरथरत असतात, तापले की जास्त थरथरतात आणि सरकणाऱ्या इलेक्ट्रॉनांना जास्त अडवतात. बल्ब पेटलेला असतो तेव्हा तार साधारण अडीच हजार अंशांवर असते, तेव्हा कुठे ते ८८२ होतात. म्हणूनच असे बल्ब बहुतेक वेळा लावतानाच जातात, थंड तारेतून पहिल्या क्षणाला २३० भागिले ६५, म्हणजे साडेतीन ॲम्पिअर धावतो, एरवी पाव ॲम्पिअर.

आता हेच इस्त्रीवर करा. १००० वॉटच्या इस्त्रीचा हिशोब ५३ ओहम आणि थंड इस्त्रीही पन्नासच्या आसपासच दाखवते. आकडाच आला नाही तर थर्मोस्टॅटचा खटका बंदवर आहे, तो फिरवा. तिच्या कॉइलमध्ये नायक्रोम असतं, निकेल आणि क्रोमियमचे अणू आधीच वेडेवाकडे मिसळलेले, त्यामुळे इलेक्ट्रॉन थंड असतानाही तेवढेच अडखळतात आणि तापल्यावर फारसा फरक पडत नाही. तांब्याच्या साठेक पट अडवतं नायक्रोम, म्हणून कॉइल लाल होते आणि तिच्यापर्यंत करंट आणणारी तार गार राहते, दोघींतून करंट तर तोच जातोय.

उष्णतेचा हिशोब म्हणजे करंट गुणिले करंट गुणिले ओहम, आणि घरात खरा उपयोग याचाच. २००० वॉटचा गीझर ८.७ ॲम्पिअर घेतो. बोर्डापासून गीझर १० मीटरवर असेल तर जायची-यायची मिळून २० मीटर तार, १.५ स्क्वेअर एमएमची असेल तर तिचा रेझिस्टन्स पाव ओहमच्या आसपास, म्हणजे भिंतीच्या आत १८ वॉट नुसते तारेत जळतात. ४ स्क्वेअर एमएम टाकली तर ७. इलेक्ट्रिशियन गीझरला आणि एअर कंडिशनरला ४ ची तार मागतो ती उगाच नाही, घासाघीस करायचीच असेल तर दुसरीकडे करा.

पण तारेपेक्षा धोकादायक म्हणजे ढिला जोड. सॉकेटच्या आतली पत्ती सैल झाली, वर काळपट थर चढला, आणि तिथे अर्धा ओहम जरी तयार झाला तरी ८.७ गुणिले ८.७ गुणिले ०.५, जवळजवळ ३८ वॉट त्या नखाएवढ्या जागेत. डाग लावायचं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं आणि त्याने डागाचा धातू वितळतो. प्लास्टिक पिवळं पडणं, जळका वास, प्लग काढल्यावर पिना हाताला चटका देण्याइतक्या गरम लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सॉकेट बदलून घ्या. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडूनच. एमसीबी इथेही काही करत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

आणि मल्टीमीटर हातात आहेच तर एक तपासणी आजच करून टाका. इस्त्री, मिक्सर, गीझरचा प्लग, जिथे तीन पिना आणि धातूचं अंग आहे ते सगळं. प्लग काढलेला, मीटर ओहमच्या सगळ्यात खालच्या २०० च्या खटक्यावर. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवा, ०.३ ते ०.५ असं काहीतरी दाखवेल, तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा, तो वजा धरायचा. मग एक पिन प्लगच्या वरच्या जाड पिनेला (ती अर्थची, म्हणजे जमिनीशी जोडली जाणारी) आणि दुसरी त्या वस्तूच्या उघड्या धातूला, रंग किंवा लेप असेल तर एखाद्या स्क्रूला. आकडा जवळजवळ शून्य, फार तर एखादा ओहम यायला हवा. मीटरने डाव्या कोपऱ्यात नुसता १ दाखवला तर आतली अर्थची वायर तुटलीये. मग खटका सगळ्यात वरच्या ओहमवर नेऊन जाड पिन आणि बाकीच्या दोन पिना आळीपाळीने मोजा, इथे मात्र तो नुसता १ च यायला हवा. आकडा दिसला तर आतून अंगाला करंट झिरपतोय, ती वस्तू बाजूला ठेवा आणि दुरुस्त होऊन येईपर्यंत घरात कोणालाही लावू देऊ नका.